पोर्टिंग मशीनवर की हातानं? आधी आकार कुणाचा ते विचारा

प्रश्न साताऱ्याच्या एका तरुणाचा आहे. २०१९ ची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५०, रोज कामावर तीच, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर. व्हॉल्व्ह सीट (बंद व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती रिंग) गळतायत म्हणून हेड, म्हणजे सिलेंडरवरचा व्हॉल्व्हचा भाग, उतरवायचंच आहे, तर सोबत पोर्टिंगही, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा (पोर्ट) घासून सुधारणं, करून घ्यावं असा विचार. एका वर्कशॉपनं सांगितलं की आम्ही पाच अक्षांच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, करतो, हातानं केलेले दोन पोर्ट कधी सारखे येत नाहीत. ओळखीचे मिस्त्री म्हणाले, मशीनला काय कळतंय, पोर्ट हातानंच करायचा असतो. दोघंही छातीठोक बोलतात. कुणाचं ऐकायचं?

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गेली तीस वर्षं हेडचंच काम करतो. पहिली वीस वर्षं सगळं हातानं केलं. पुढं रेसिंगच्या गाड्या वाढल्या तसे माझे स्वतःचे आकार सीएनसीवर कापून घ्यायला लागलो. आजही माझ्या टेबलावर दोन्ही प्रकारची हेड येतात, त्यामुळं मला कुठल्याच बाजूची वकिली करायची नाही. पण हा प्रश्न ज्या पद्धतीनं विचारला जातो त्यातच लोकांचे पैसे बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीन पोर्टचा आकार ठरवत नाही. मशीन दिलेला आकार कापते. तो आकार आला कुठून, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या कंपन्या हवेचा प्रवाह आधी संगणकावर तपासतात आणि मग धातूला हात लावतात. पण बाजारात जे सीएनसी पोर्टिंग मिळतं, त्यातल्या चांगल्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा अशी झालेली असते: कुणीतरी हातात ग्राइंडर घेऊन एक पोर्ट घासला, फ्लो बेंचवर (पोर्टमधून किती हवा जाते ते मोजायच्या यंत्रावर) लावला, पुन्हा घासला, जास्त घासला गेला तिथं माती भरून पाहिली, दोन-तीन हेड भंगारात घातली आणि शेवटी एक पोर्ट मनासारखा जमला. त्या जमलेल्या पोर्टचं स्कॅनिंग झालं किंवा प्रोबनं त्याचे हजारो बिंदू टिपले गेले, त्यावरून प्रोग्रॅम बनला. म्हणजे मशीनवरचं चांगलं पोर्टिंग ही एका हाताची नक्कल असते, फार नेमकी नक्कल. मूळ हात चांगला असेल तर नक्कल चांगली. मूळ पोर्ट फसलेला असेल तर मशीन तोच फसलेला आकार दर हेडमध्ये शंभरावा भाग मिलिमीटरच्या नेमकेपणानं कापत राहील.

हे नवं नाही. इंग्लंडमध्ये हॅरी वेस्लेक यांनी हेडमधून जाणारी हवा मोजत इंजिनं सुधारली, तेव्हा सीएनसी हा शब्दही नव्हता. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या रेसिंगच्या एक्सआर-७५० ला १९७२ मध्ये ॲल्युमिनियमची हेड आली, त्यांच्या पोर्टवर जेरी ब्रँच यांनी फ्लो बेंच आणि ग्राइंडर घेऊन काम केलं, आणि ते इंजिन पुढं कितीतरी वर्षं तिकडच्या मातीच्या ट्रॅकवर राज्य करत राहिलं. आता उलट टोक बघा. बीएमडब्ल्यूच्या एम १००० आरआर मध्ये इनटेक (हवा आत घेणारे) पोर्ट कारखान्यातूनच पूर्ण मशीन केलेले येतात, आणि हार्लेच्या स्क्रीमिन ईगल विभागात सीएनसी पोर्ट केलेली हेड तयार विकत मिळतात. कंपनी मशीन वापरते ते एकाच आकाराची हेड ढिगानं काढायची असतात म्हणून. तुमच्याकडं हेड एक आहे.

आता पोर्टिंग म्हणजे नेमकं काय करायचं ते आधी बोलू, कारण निम्मे घोळ इथंच होतात. बहुतेकांना वाटतं पोर्टिंग म्हणजे भोक मोठं करणं. आमच्या पिढीनं हा शब्द यामाहाच्या आरएक्स १०० वर शिकला, तिथूनही ही समजूत आलेली असावी. त्या टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्या. खिडकीची उंची बदलली की टायमिंगच, म्हणजे ती कधी उघडते-मिटते तेच, बदलतं. तो विषय वेगळा. फोर-स्ट्रोकमध्ये टायमिंग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) ठरवतो. पोर्टचं काम एकच, व्हॉल्व्ह उघडा असताना हवेला कमीत कमी अडवणं आणि तिचा वेग टिकवणं. यातल्या 'वेग टिकवणं'कडं कुणी बघत नाही.

तुमच्याच इंजिनाचं गणित करू. बोअर (सिलेंडरचा व्यास) ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६७.८ मिमी. ७,२५० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण १६.४ मीटर येतो. पिस्टनचं क्षेत्रफळ ४,७७८ चौरस मिमी. समजा एका सिलेंडरच्या इनटेकचा सर्वांत अरुंद छेद एकूण ७५० चौरस मिमी आहे (हा आकडा हिशेबापुरता धरलाय, तुमच्या हेडचा मोजूनच घ्यावा लागेल). तर तिथून हवा सरासरी सेकंदाला १०४ मीटर वेगानं जाते. आता कुणी उत्साहानं पोर्टचा व्यास १० टक्के वाढवला. क्षेत्रफळ २१ टक्के वाढलं. त्याच आरपीएमला वेग १०४ वरून ८६ वर आला. वेगानं आत येणाऱ्या हवेच्या खांबाला स्वतःचा जोर असतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी तो जोर हवा आत ढकलत राहतो. तो जोर तुम्ही घालवला. वरच्या टोकाला कदाचित थोडा फायदा दिसेल. पण तीन-चार हजारावर, खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला जिथं ओढ हवी असते, तिथं गाडी मवाळ होते. मग गिऱ्हाईक म्हणतं मॅपिंग (किती पेट्रोल कधी सोडायचं त्याची संगणकातली मांडणी) चुकलंय. मॅपिंग चुकलेलं नसतं, पोर्ट मोठा झालेला असतो. आणि काढलेला धातू परत येत नाही.

मग धातू काढायचा कुठला? माझ्या अनुभवात फायद्याचा मोठा हिस्सा व्हॉल्व्ह सीटच्या वर-खालच्या दहा-बारा मिलिमीटरमध्ये असतो. कारखान्यात सीटची रिंग दाबून बसवतात, तिच्याखाली कटर फिरतो आणि कटर जिथं थांबतो तिथं एक कडा राहते. कटर केलेला भाग एका बाजूला, ओतकाम दुसऱ्या बाजूला, मध्ये पायरी. हवा अगदी वळणावर असताना ही पायरी तिच्या आडवी येते. बोट घालून बघा, नखाला अडकते. ती मिटवायची. व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) जिथं पोर्टमध्ये डोकावतो, त्याच्या बुंध्याचा फुगवटा बारीक करायचा, पण गाईडचा आधार कापायचा नाही, नाहीतर व्हॉल्व्ह हलायला लागतो आणि सीट पुन्हा गळते. सीटखालचा घसा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायचा. ३० मिमीचा व्हॉल्व्ह असेल तर साडेपंचवीस ते २७ मिमी. आणि सीट तीन कोनांत नीट कापायची, ३०, ४५, ६०. हे सगळं करूनही पोर्टचा मधला भाग तुम्ही कदाचित हातही न लावता सोडाल.

चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये इनटेकचं तोंड एक आणि आत दोन फाटे. फाटे फुटतात तिथली भिंत सुरीसारखी धारदार करायची हौस पुष्कळांना असते. ती करू नये. हवा दर वेळी त्या धारेवर अगदी सरळ येत नाही; जराशी तिरकी आली की धारेच्या एका अंगाला ती सुटते. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेसारखी थोडी गोलाई बरी.

आणि पोर्टचं आतलं वळण. पोर्ट वरून येऊन व्हॉल्व्हकडं वळतो, तेव्हा आतल्या बाजूचं वळण आखूड असतं. माझे वस्ताद त्याला 'पोर्टचा गुडघा' म्हणायचे, आमच्याकडं तोच शब्द राहिला. पोर्टिंगमधली सगळी अवघड विद्या या गुडघ्यात आहे. तिथं धातू जास्त काढला की वळण अजून तीव्र होतं, हवा त्याला चिकटून वळत नाही, सुटून सरळ समोरच्या भिंतीवर आदळते. व्हॉल्व्ह थोडा उघडा असताना हे कळत नाही. लिफ्ट (व्हॉल्व्ह सीटपासून जेवढा उचलला जातो ते अंतर) वाढत जाते तसं कळतं.

बेंचवर ते कसं दिसतं ते सांगतो. हेड बेंचवर बांधलेलं असतं, व्हॉल्व्हच्या टोकावर मायक्रोमीटरनं मी तो एकेक मिलिमीटर उघडत नेतो. दोन, तीन, चार मिलिमीटर. हवा जाण्याचा आवाज एकसारखा, भरल्या गळ्याचा. सहाला पण तसाच. साडेसहा-सातला अचानक आवाज फाटतो, फुरफुर सुरू होते आणि आकडा वाढायचा थांबतो, कधी उलट खाली येतो. मग बारीक तारेच्या टोकाला दोऱ्याचा तुकडा बांधून तो पोर्टमध्ये सोडतो. पोर्टच्या छताजवळ दोरा ताठ उभा राहतो, गुडघ्यापाशी नेला की वेड्यासारखा गोल फिरतो. म्हणजे हवा तिथं सुटतेय. आता ग्राइंडर उचलायचा नाही. मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती मिळते तिचा हरभऱ्याएवढा गोळा घ्यायचा, गुडघ्यावर चोपडायचा, ओल्या बोटानं त्याला उतार द्यायचा आणि पुन्हा हवा चालू करायची. कित्येकदा पोर्ट लहान झालाय आणि हवा जास्त जातेय असं डोळ्यांसमोर दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मी बेंच बंद करून गळती कुठं आहे का ते तपासत बसलो होतो.

हे काम मशीन करत नाही. हे हात, कान आणि बेंच करतात. पण एकदा तो गुडघा सापडला की तोच आठ वेळा तसाच्या तसा उतरवणं हे हाताचं काम नाही, तिथं मशीन माझ्यापेक्षा सरस आहे. हे मला मान्य करायला वेळ लागला. सकाळी केलेला पहिला पोर्ट आणि संध्याकाळी मान आखडल्यावर केलेला चौथा पोर्ट सारखा येत नाही. मी पोर्टमध्ये सिलिकॉन रबर ओतून ठसे घेतो. दुसऱ्या दिवशी ते ओढून काढले की पोर्ट जणू हातात येतो, वाकवलेल्या अंगठ्यासारखा. चारही ठसे टेबलावर शेजारी मांडले की कुठं हात घसरला ते लपत नाही. मग ब्युरेटनं (मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीनं) पोर्टचं घनफळ मोजतो. अर्ध्या सीसीचा फरक राहिला तर पुन्हा बसायचं. तुमच्या ६५० चं हेड दोन्ही सिलेंडरचं मिळून एकच ओतकाम आहे, आठ व्हॉल्व्ह. एवढं हेड नीट हातानं करायला मला तीन-चार दिवस लागतात, आणि त्यातला बराच वेळ घासण्यात नाही, जुळवण्यात जातो. दोन सिलेंडरला हवा कमी-जास्त गेली तर एक सिलेंडर लीन (पेट्रोल कमी), एक रिच (पेट्रोल जास्त) चालतो आणि कुठलंही मॅपिंग दोघांना एकदम खूश करू शकत नाही.

मशीनचा कटर गोल डोक्याचा असतो, पोर्टमध्ये तो बारीक नांगरणीसारख्या रेघा सोडत जातो. त्या बघून लोक घाबरतात किंवा उगाच भारावतात. हिशेब सोपा आहे: १० मिमीचा गोल कटर आणि दोन रेघांत १ मिमी अंतर असेल तर मधला उंचवटा ०.०२५ मिमी राहतो. अंतर २ मिमी केलं तर चौपट, ०.१ मिमी. पहिल्याला हात लावायची गरज नाही. दुसरं म्हणजे मशीनचा वेळ वाचवलाय. एक जागा मात्र बारकाईनं बघा. कटर काही भाग मॅनिफोल्डच्या (हवा आणणाऱ्या जोडनळीच्या) बाजूनं कापतो, काही चेंबरच्या (पेट्रोल जळतं त्या पोकळीच्या) बाजूनं. दोन्ही कापणं मध्ये जिथं भेटतात तिथं हेडची बांधणी जरा चुकली असेल तर पायरी येते, आणि ती नेमकी वळणावर येते. बोटानं लगेच कळतं.

आता मशीनची खरी अडचण, जी मला फाउंड्रीच्या पट्ट्यात वाढल्यामुळं लवकर समजली. पोर्टची पोकळी वाळूच्या कोअरनं (साच्यात ठेवलेल्या पोकळीच्या आकाराच्या ठोकळ्यानं) तयार होते. वितळलेला धातू ओतताना कोअर एक चिमूटभर जरी सरकला तरी पोर्ट सरकतो. बाहेरून हेड एकसारखी दिसतात, कारण बाहेरचे पृष्ठभाग आणि डॉवेलची (हेड जागेवर बसवणाऱ्या पिनांची) भोकं नंतर मशीन होतात. मशीन मात्र आपलं माप त्या डॉवेलपासून आणि गॅस्केटच्या तोंडापासून घेते. तिच्या लेखी पोर्ट जिथं असायला हवा तिथंच आहे. प्रत्यक्षात तो अर्धा मिलिमीटर डावीकडं असेल, तर उजवी भिंत जादा कापली जाते आणि डाव्या भिंतीला कटर शिवतच नाही. तिथं खडबडीत ओतकामाचा चट्टा तसाच राहतो. तो चट्टा दिसला म्हणून लोक भांडतात. खरं तर काळजी समोरच्या भिंतीची करायला हवी, तिची जाडी किती उरली? पोर्टच्या भिंतीमागं कुठं स्टडचं भोक असतं, कुठं स्प्रिंगची बैठक, आणि तुमच्यासारख्या एअर-ऑइल कूल्ड हेडमध्ये तेलाच्या वाटा. माझ्याकडं एक हेड असं आलं होतं की ज्या वर्कशॉपनं ते कापलं, त्यांनी मापं न घेता प्रोग्रॅम चालवला आणि इनटेकची भिंत स्टडच्या भोकात फुटली. केसाएवढी चीर. त्यातून इंजिन खोटी हवा ओढत होतं आणि आयडलिंग कधी बसेना. गिऱ्हाईकानं दोन महिने थ्रॉटल बॉडी आणि सेन्सर बदलण्यात घालवले.

पण हातानं काम करणाऱ्यानं यात मोठेपणा घेऊ नये. सुरुवातीच्या दिवसांत मीही एका बुलेटच्या हेडचा एक्झॉस्ट पोर्ट छताला घासता घासता स्प्रिंगच्या बैठकीपर्यंत पोचवला होता. धातूचा आवाज बदलतो, पातळ पत्र्यासारखा वाजायला लागतो. तो मी ऐकला आणि तरी अजून एक हात मारला. वेल्डिंग करून भरलं, पण त्या उष्णतेनं सीटची रिंग ढिली झाली आणि शेवटी हेड नवीन घेऊन द्यावं लागलं. माल गरीब घरच्या पोराचा होता. तेव्हापासून टोक वाकवलेल्या कॅलिपरनं, आणि जमेल तिथं अल्ट्रासोनिक गेजनं, भिंतीची जाडी लिहून घेतल्याशिवाय मी ग्राइंडर चालू करत नाही. शिकाऊ मुलांना अजून एक सांगून ठेवतो: लांब दांड्याचा बर (ग्राइंडरचं कापणारं टोक) पूर्ण वेगात कधीही मोकळ्या हवेत फिरवू नका. दांडा वाकतो आणि तुटलेला बर कुठं जाईल ते देवालाच माहीत. वेग कमी करा, बर पोर्टमध्ये टेकवा, मग चालू करा.

चकाकीबद्दल थोडक्यात. इनटेक आरशासारखा घासून घेऊ नका. ६० ते ८० नंबरच्या पेपरचा खरबरीतपणा पेट्रोलचा थेंब भिंतीवर पसरून ओघळू देत नाही, हवेत परत उचलू देतो. एक्झॉस्ट हवा तेवढा गुळगुळीत करा, काजळी कमी धरते.

गॅस्केटला जुळवणं हा आणखी एक प्रसिद्ध उद्योग. गॅस्केट ठेवून पोर्टचं तोंड त्या मापाला उघडायचं आणि आतला भाग तसाच ठेवायचा. यानं तोंडाशी हंडी होते, हवा आधी मोकळी होते आणि मग पुन्हा चेपली जाते. इनटेकला एकच पथ्य पाळा. येणाऱ्या हवेच्या समोर उभी कडा नको. रबरी मॅनिफोल्डचं भोक पोर्टच्या तोंडापेक्षा किंचित लहान असलेलं चालतं, मोठं असलेलं चालत नाही. एक्झॉस्टला पाइप पोर्टपेक्षा थोडा मोठा असला तर बिघडत नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण तुम्हाला फ्लोचे आकडे दाखवले जातील. फ्लो बेंचवरचा आकडा नेहमी कुठल्यातरी दाबाच्या फरकावर मोजलेला असतो. जगभर बहुतेक जण २८ इंच पाण्याचा दाब वापरतात. लहान बेंच १० इंचावर चालतात. हवेचं प्रमाण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतं, म्हणून १० इंचावरचा आकडा २८ इंचाच्या मापात आणायला १.६७ नं गुणावं लागतं. एकच पोर्ट १० इंचावर ६० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) दाखवेल आणि २८ वर १००. एकाच्या ६० शेजारी दुसऱ्याचे १०० मांडले की कुणीही भुलेल. त्यामुळं आधी दाब विचारा. दुसरं, आकडा कुठल्या लिफ्टचा ते विचारा. लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव पट झाली की व्हॉल्व्हभोवतीची मोकळी जागा व्हॉल्व्हच्या स्वतःच्या क्षेत्रफळाएवढी होते. त्याच्या पुढं पोर्टच अडवणूक करतो. ३० मिमीला हे साडेसात मिलिमीटर. तुमचा कॅम व्हॉल्व्ह जेवढा उघडतो त्याच्या वरचा आकडा कितीही मोठा असो, तुमच्या उपयोगाचा नाही. आणि कमाल लिफ्टला व्हॉल्व्ह एकदाच पोचतो. मधल्या लिफ्टमधून तो जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा जातो. म्हणून मी तीन-चार-पाच मिलिमीटरचे आकडे आधी बघतो.

आता तुमच्या गाडीवर येतो. कॅम मूळचा, वापर रोजचा, सीट तशाही कापायच्याच आहेत. तुम्हाला पूर्ण पोर्टिंग नको आहे, हाताचं आटोपशीर काम हवं आहे. गाईड तपासा, खराब असतील तर ते आधी बदला, कारण सीट गाईडच्या मध्यावरूनच कापली जाते. सीट तीन कोनांत. सीटखालची पायरी मिटवणं. गाईडचा बुंधा साफ. पोर्टचं मूळ माप तसंच ठेवून ओतकामाच्या कडा आणि गाठी काढणं, आणि डावं-उजवं जुळवणं. यातून मध्यात गाडी स्वच्छ ओढेल, वर थोडी जास्त मोकळी होईल. सुमारे ४७ हॉर्सपॉवरच्या इंजिनाचे साठ होतील असं कुणी म्हणत असेल तर पाया पडून उठा आणि घरी या. काम झाल्यावर फ्युएल मॅपिंग तपासून घ्यावं लागेल, तो खर्च आधीच धरा. कंपनीची वॉरंटी अजून शिल्लक असेल तर हेड तिच्यातून बाहेर जाईल हेही धरा. आणि ट्रॅकवर उद्या एखाद्या स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर त्या वर्गाची नियमावली आधी वाचा. मूळ गाड्यांच्या वर्गांत पोर्टला शिवायचीसुद्धा मनाई असू शकते.

सीएनसीकडं मी तुम्हाला एकाच स्थितीत पाठवेन. त्या वर्कशॉपकडं याच ६५० च्या हेडचा, याच व्हॉल्व्हच्या मापाचा आणि मूळ कॅमचा तयार प्रोग्रॅम असेल, त्यांनी तो आधी चार-पाच हेडवर कापलेला असेल आणि मूळ पोर्ट व केलेला पोर्ट यांचे एकाच बेंचवरचे, एकाच दाबाचे, प्रत्येक मिलिमीटरचे आकडे ते तुमच्यासमोर ठेवत असतील, तर बिनधास्त द्या. तसं काम माझ्या हातापेक्षा जास्त जुळलेलं येईल. पण ते जर म्हणाले की तुमच्या हेडवरूनच नवीन प्रोग्रॅम बनवू, तर एका हेडसाठी आकार शोधण्याचा सगळा खर्च तुमच्या खिशातून जाणार आणि पुढच्या गिऱ्हाईकांना तो फुकट मिळणार. दहा-बारा गाड्यांची टीम असती तर मी उलट सल्ला दिला असता: एक हेड हातानं शोधा, बाकीची मशीनवर कापा. मी टीमसाठी हेच करतो.

तुमच्या मिस्त्रींचंही ऐकून घ्या, पण त्यांच्या दुकानात उभं राहून. त्यांना मागच्या कामाचा रबराचा ठसा दाखवायला सांगा. ब्युरेट आहे का, सीट कशावर कापतात, भिंतीची जाडी कशी मोजतात, बेंच स्वतःचा नसेल तर कुठं नेऊन तपासतात, एवढं विचारा. जो माणूस हे रोज करतो तो प्रश्नावर चिडत नाही. ड्रॉवर उघडतो आणि ठसे टेबलावर ओततो. 'अंदाजानं कळतं आपल्याला' असं उत्तर आलं तर नुसत्या सीट कापून घ्या आणि पोर्ट आहेत तसे ठेवा. कंपनीचा न शिवलेला पोर्ट अंदाजानं घासलेल्या पोर्टपेक्षा केव्हाही बरा.

हेड परत आलं की बसवायच्या आधी घरीच तपासा. कागद, टॉर्च आणि अर्धा लिटर रॉकेल एवढंच लागतं. व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग लावलेलं हेड पोर्टचं तोंड वर येईल असं टेकवा, इनटेकमध्ये रॉकेल भरा आणि दहा मिनिटं चेंबरच्या बाजूला कोरडा कागद धरा. डाग पडला तर सीट बसलेली नाही, हेड तसंच परत न्या. मग एक्झॉस्टला हेच. ते झालं की रॉकेल पुसून करंगळी आत घाला आणि सीटच्या खाली गोल फिरवा. नख कुठं अडकतंय का बघा. सगळे पोर्ट एकामागोमाग डोळे मिटून चाचपा, डावे आणि उजवे आलटून पालटून. शेवटी पोर्टच्या तोंडातून आत टॉर्च लावून खोली अंधारी करा आणि स्टडच्या भोकात डोकावा. तिथं उजेडाची एक सुईसुद्धा दिसता कामा नये.